दाजिबा, पोपट आणि मामांचं कॅसेटचं दुकान

मराठीत पॉप गाणं कधी आलं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. साल २००२, कंपनी सागरिका, संगीत अवधूत गुप्ते, आवाज वैशाली सामंत, पडद्यावर मिलिंद गुणाजी आणि ईशा कोप्पीकर, आणि अल्बमचं नाव 'ऐका दाजिबा'. हे उत्तर खोटं नाही. पण ते अर्धंच आहे असं मला बरेच दिवस वाटतंय, आणि उरलेलं अर्धं आमच्या सातपूरमध्ये राहिल्यामुळे मला थोडंफार माहीत आहे. म्हणून हा लेख. लांबणार आहे, चहा घेऊन बसा!

ज्यांनी सातपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालात की शहर संपता संपता जे कारखाने लागतात ते सातपूर. मुळात गाव. १९६२ साली महाराष्ट्रात एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या माळावर शेड उभ्या राहू लागल्या. मायको (आताची बॉश), महिंद्रा, सिएट ही मोठी नावं आणि त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे कारखाने. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात गेलं. पण 'नाशकात चाललोय' असं म्हणत बाजाराला जाणारी माणसं आमच्या कॉलनीत नंतरही पुष्कळ वर्षं होती.

माणसं कुठली? सगळीकडची. जळगाव-धुळ्याकडची अहिराणी बोलणारी, नगरची, सिन्नर-निफाडची, मराठवाड्यातली आणि पुढे पुढे यूपी-बिहारची. एका जिन्यात चार बोली. गाणी मात्र ज्याची त्याची वेगळी, आणि भिंती पातळ. त्यामुळे इच्छा असो नसो, सगळ्यांची गाणी सगळ्यांना पाठ!

तर मुद्द्यावर येतो. माझे मामा एका कारखान्यात कामाला होते. तिथला संप लांबला, मिटला तेव्हा बऱ्याच जणांना परत घेतलं नाही, त्यात मामा होते. १९८७ साली त्यांनी हाती आलेल्या पैशातून एक गाळा घेतला आणि कॅसेटचं दुकान टाकलं. आजोबांना ते अजिबात पटलं नव्हतं. 'किराणा टाक, माणसं खाल्ल्यावाचून राहत नाहीत' असं त्यांचं म्हणणं. मामांचं उत्तर घरात अजून सांगतात, 'दादा, किराणा उधारीवर नेतात, गाणं रोखीनं नेतात.'

मामांनी हे दुकान दहा वर्षं आधी टाकलं असतं तर चाललं नसतं, हे मला नंतर कळलं. कॅसेट फिलिप्सने काढली १९६३ साली. पण आपल्याकडे सत्तरच्या दशकातही गाणं म्हणजे रेकॉर्ड, रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही, आणि घरात ग्रामोफोन असणं म्हणजे घर बऱ्यापैकी असणं. आमच्यासारख्यांचं गाणं रेडिओवर लागेल ते आणि लग्नात लाऊडस्पीकरवाला लावेल ते. १९८० च्या सुमारास सरकारी धोरण सैल झालं, टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या फिती स्वस्त होत गेल्या. आखातात कामाला गेलेली माणसं येताना टू-इन-वन घेऊन यायला लागली. १९८३ साली गुलशन कुमारांची सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरीज उभी राहिली आणि कॅसेटची किंमत कामगाराच्या खिशाच्या आवाक्यात आली. पगाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीतून एक कॅसेट घरी जाऊ लागली. ही गोष्ट लहान वाटते, पण आपल्या पैशाने आपल्या आवडीचं गाणं विकत घेऊन ते हवं तेव्हा लावायचं, हे आमच्या आधीच्या पिढ्यांना कधी जमलेलंच नव्हतं.

आणि एकदा खिसा बदलला की गाणं बदलतंच. मोठ्या कंपनीला रेकॉर्ड काढायची तर ती मुंबईपासून नागपूरपर्यंत खपली पाहिजे. कॅसेट काढायला तेवढा खर्च नाही. एखाद्या तालुक्यापुरती, एखाद्या देवीपुरती, एखाद्या जयंतीपुरतीही कॅसेट निघू लागली. अमेरिकेतले संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या घडामोडीवर १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं आख्खं पुस्तक लिहिलंय. मामांनी ते वाचायचं कारण नव्हतं, त्यांच्याकडे त्यांची वही होती.

ही वही म्हणजे मागणीची वही. गिऱ्हाइकाने मागितलं आणि दुकानात नसलं की मामा त्यात लिहून ठेवायचे, आणि माल आणायला मुंबईला जाताना ती घेऊन जायचे. मी कॉलेजात असताना सुट्टीत दुकानात बसायचो, तेव्हा ही वही माझ्याकडे असायची. तिच्यावरून सातपूरचं पंचांग मांडता येईल. पौषात निवृत्तिनाथांची यात्रा, दिंड्या त्र्यंबक रस्त्याने आमच्याच दारावरून जाणार, म्हणजे अभंग आणि हरिपाठ. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीची गाणी. एप्रिल लागला की चौदा तारखेसाठी भीमगीतं. उन्हाळ्यात लग्नसराई. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्या पोरांसाठी शंकराची गाणी, भाद्रपदात आरत्या, आणि नवरात्रात परत वणीची देवी. हिंदी सिनेमाची गाणी बारा महिने, पण ती सगळीकडेच मिळायची. मामांचं दुकान चाललं ते या पंचांगावर.

आणि या पंचांगातल्या निम्म्याअधिक पानांवर एकच आडनाव होतं. शिंदे.

प्रल्हाद शिंदे हे नाव ज्यांना आठवत नाही त्यांनाही त्यांचा आवाज ठाऊक असतो. आषाढीला पंढरपूरच्या वाटेचं जे गाणं गल्लोगल्ली लागतं, गणपतीत सुखकर्त्याचं जे गाणं लागतं, सत्यनारायणाच्या दिवशी जे लागतं, ते सगळं त्यांचं. मूळचे मंगळवेढ्याचे. कव्वालीच्या सामन्यांतून तयार झालेला गळा. विठ्ठलाची गाणी गाणारा आणि बाबासाहेबांची गाणी गाणारा आवाज एकच होता, आणि दोन्हीकडच्या लोकांना तो आपला वाटायचा. आमच्या नाशिक जिल्ह्याचा यातला वाटाही मोठा आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्येच गेले, काही आठवड्यांच्या अंतराने. त्या वर्षी मामांनी काउंटरवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले होते.

ऐंशीच्या दशकात प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं 'नवीन पोपट' आलं. मी तेव्हा शाळेत होतो. या गाण्याने काय केलं हे शब्दांत सांगणं कठीण आहे. रिक्षात तेच, रसवंतीत तेच, वरातीत तेच. बँडवाल्याला 'पोपट वाजव' एवढंच सांगायचं, पुढचं त्याला कळायचं. आनंद-मिलिंद या भावांच्या कॅसेटी मामांकडे खोक्याने यायच्या आणि आठवड्यात संपायच्या. नाटक नाही, सिनेमा नाही, आकाशवाणीचा आधार नाही. स्टुडिओत बसून ध्वनिमुद्रित केलेला गाण्यांचा संच, एका गायकाच्या नावावर खपलेला. याला दुसऱ्या कुठल्याही देशात पॉप अल्बमच म्हणाले असते. आपण काय म्हणालो? लोकगीत. फार तर 'तसली गाणी'.

आमच्या बाबांचंही तेच मत. बाबा गीतरामायणवाले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला लागलेलं गीतरामायण त्यांनी शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलं होतं, छप्पन्न गाणी क्रमाने सांगायचे. त्यांना पोपट म्हणजे कानांवरचा अत्याचार वाटायचा. मामा त्यांच्याशी वाद घालायचे नाहीत. त्यांची उत्तरं दुकानाच्या फळ्यांवर होती. सर्वांत वरच्या फळीवर गीतरामायण, भीमसेन जोशींची अभंगवाणी, लता-आशाची भावगीतं. दिसायला सुंदर, खपायला मंद. मधल्या फळीवर हिंदी. आणि खाली, हाताशी, जिथून पटकन काढून देता येईल तिथे शिंदे मंडळी. 'वरची फळी अब्रूसाठी, खालची पोटासाठी,' असं मामा म्हणायचे.

आता नव्वदचं दशक. केबल आली. चॅनेल व्ही आलं, १९९६ मध्ये एमटीव्हीने वेगळं भारतीय चॅनेल काढलं. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, त्याच वर्षी दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा', मग लकी अली, मग फाल्गुनी पाठक. सिनेमाशिवायची हिंदी-पंजाबी गाणी तुफान खपू लागली. याच काळात एक शब्दही बदलला. आमच्याकडे अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा. आता पोरं येऊन विचारायची, 'नवीन अल्बम काय आलाय?' पण त्यांना गाण्यांचा संच अभिप्रेत नसायचा. ज्या गाण्याचा व्हिडिओ टीव्हीवर लागतो आणि जे सिनेमातलं नाही, ते म्हणजे अल्बम. कंपनीच्या दृष्टीने अल्बम आठ-दहा गाण्यांचा, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एका गाण्याचा!

मराठीत या वाऱ्याची पहिली झुळूक म्हणजे मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा'. सौमित्र म्हणजे कवी-अभिनेते किशोर कदम. कविता, पाऊस, गिटार. कॉलेजातली पोरंपोरी ही कॅसेट न्यायची, बहुधा एकमेकांना द्यायला. मामांनी ती वरच्या फळीवर ठेवली. चांगली खपली, पण आमच्या कॉलनीतल्या वरातीत 'गारवा' कोण वाजवणार?

आणि मग २००२ ला दाजिबा आला.

'दाजी' हा शब्द आमच्याकडे घरातला. बहिणीचा नवरा म्हणजे दाजी. मेव्हण्या-मेव्हण्यांची थट्टा हा आपल्या लग्नाचा, हळदीचा, तमाशाचा जुना मसाला. त्या शब्दाला 'बा' लावून लाडात घेतलेलं, ढोलकीच्या अंगाने जाणारं गाणं, आणि खाली संगणकावर बांधलेला ठेका. गुप्ते आणि सामंत दोघेही तेव्हा तरुण. वैशाली सामंत त्याच्या आदल्या वर्षी 'लगान'मध्ये आशाबाई आणि उदित नारायण यांच्यासोबत गायली होती. व्हिडिओतली ईशा कोप्पीकर त्याच वर्षीच्या 'कंपनी' सिनेमातल्या 'खल्लास'मुळे घरोघर माहीत झालेली, आणि गुणाजी आम्हाला 'भटकंती'मुळे अगदी घरचे. सागरिकाने गाण्याला हिंदी अल्बमच्या तोडीचा थाट दिला, आणि हिंदी गाण्यांच्या चॅनेलवर, पंजाबी भांगडा आणि रिमिक्सच्या मधोमध, मराठी गाणं दिसू लागलं.

याचं महत्त्व आज कुणाला कळायचं नाही. सातपूरच्या कारखान्यांत तेव्हा मराठी माणूस संख्येने जास्त, पण मशीनवर असताना कुणी गुणगुणलं तर हिंदी. मराठी गाणं म्हणजे सणाचं, देवाचं, नाहीतर मास्तरांच्या घरातलं. 'स्टाईल'चं नाही. आमच्या मजल्यावर गोरखपूरकडचं एक कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा दुकानात येऊन म्हणाला, 'अंकल, वो दाजिबावाला दो.' मामांनी कॅसेट दिली, पैसे घेतले, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, 'पंधरा वर्षांत पहिल्यांदा भैयानं मराठी कॅसेट मागितली. लिही वहीत.' वही खरं तर नसलेल्या मालासाठी. तरी मी लिहिलं. ती नोंद अजून आहे.

त्या लग्नसराईत काय झालं ते सातपूरकरांना सांगायला नको. बँडवाले आधी 'पोपट' आणि मग लगेच 'दाजिबा' वाजवायचे. नवरदेवाला मधे ओढायचे, कारण आता तोच दाजी. मामांकडे कॅसेट येईल तेवढी जायची. आणि ती ठेवायची कुठल्या फळीवर, हा प्रश्न मामांना खरोखर पडला होता. खाली ठेवावी तर पांढरपेशी गिऱ्हाइकं वाकून बघत नाहीत, वर ठेवावी तर कामगार मान वर करत नाहीत. शेवटी त्यांनी ती काउंटरच्या काचेखाली ठेवली. दोन्हीकडच्या माणसांनी एकाच ठिकाणाहून उचललेली मामांच्या दुकानातली ती पहिली कॅसेट. आणि अशी शेवटचीही.

कारण याच सुमारास कॅसेटचे दिवस भरले होते. एका साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास ८६ मीटर फीत असते, त्यात मावतात दहा-बारा गाणी. सातशे एमबीच्या एका सीडीवर एमपीथ्री करून टाकली तर सव्वाशे-दीडशे. फुटपाथवर अशा सीड्या आल्या. 'ऐका दाजिबा', दोन हिंदी सिनेमे आणि अख्खं शिंदे घराणं, सगळं एका तबकडीवर. मामांचं दुसरं उत्पन्न म्हणजे कॅसेट भरून देणं. गिऱ्हाइकाने कागदावर यादी आणायची, मामा विचारायचे 'साठची का नव्वदची?', आणि डबल डेकवर भरून द्यायचे. (कायद्यात हे बसत नव्हतं. पण ज्या गावात गाणी ऐकली जायची त्या प्रत्येक गावात एक तरी असं दुकान होतं.) तेही बंद पडत चाललं. २००३ च्या सिंहस्थात भाविकांच्या गर्दीमुळे भक्तिगीतं खपली, त्यावर एक वर्ष निघालं. मग मोबाईल आला, मेमरी कार्ड आलं. २००७ मध्ये मामांनी गाळ्यात मोबाईल रिचार्ज सुरू केलं आणि कॅसेट खोक्यांत भरून माळ्यावर टाकल्या. रिचार्जही उधारीवर मागतात, अशी त्यांची तक्रार असायची.

मामांचा धंदा ज्या वर्षी सर्वांत जोरात झाला, त्याच वर्षी तो संपायला लागला होता. 'कमर्शियल यश' हा शब्द वाचला की मला हे आठवतं. यश गायकाचं, संगीतकाराचं, कंपनीचं. त्याचा एक छोटा हप्ता आमच्या मामांपर्यंत आला, मामेबहिणीची इंजिनिअरिंगची पहिली फी त्यातून भरली गेली. (ताई, तू हे वाचशीलच. रक्कम लिहीत नाही!)

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मराठी पॉप २००२ ला सुरू झालं का? मला वाटतं २००२ ला त्याला नाव मिळालं. वस्तू आधीपासून होती. फरक एवढाच, की पोपट खपला तेव्हा तो विकत घेणाऱ्यांकडे वर्तमानपत्रात लिहिणारे बघत नव्हते. गाणारे कुठल्या वस्तीतले आणि ऐकणारे कुठल्या पाळीतले, यावरून गाण्याची फळी ठरत होती. दाजिबाने तीच गंमत, तीच ढोलकी, तोच थट्टेचा सूर घेतला, त्याला चकचकीत कपडे घातले, आणि ज्यांना पोपट चारचौघांत आवडून घेता येत नव्हता त्यांना नाचायची परवानगी दिली. यात गुप्ते-सामंतांना मी कमी लेखत नाही. परवानगी मिळवून देणं हेही मोठं काम असतं. फक्त त्याआधी पंधरा वर्षं परवानगी न विचारता नाचणाऱ्यांची नोंद कुठेतरी असावी.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. केदार शिंदे यांच्या 'जत्रा'त अजय-अतुलनी 'कोंबडी पळाली' केलं, आणि गायला घेतलं कुणाला? आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. मामांच्या खालच्या फळीवरचा आवाज आणि काचेखालचा आवाज, एका गाण्यात! तीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन देशभर नाचली. २००८-०९ मध्ये 'सारेगमप'च्या लिट्ल चॅम्प्सना मार्क द्यायला गुप्ते आणि सामंत बसले, तेव्हा बाबा तो कार्यक्रम चुकवायचे नाहीत, आणि दाजिबावाली हीच हे त्यांना आम्ही सांगितलं तर म्हणाले, 'असेल. बाई सुरेल आहे.' बाबांकडून एवढं म्हणजे पुष्कळ. आनंद शिंदेंचा मुलगा आदर्श २०१३ च्या 'दुनियादारी'त गायला, आणि तोपर्यंत शिंदे हे नाव खालच्या फळीचं राहिलेलं नव्हतं. २०१६ ला 'सैराट'चं 'झिंगाट' आलं तेव्हा तर फळ्याच उरल्या नव्हत्या.

मामा आता थकलेत, ऐकू कमी येतं. माळ्यावरची खोकी मागच्या दिवाळीत आम्ही उतरवली. बऱ्याच फितींना बुरशी आली होती, काहींची रिळं चिकटली होती. वही मात्र शाबूत आहे. ८७ ते २००६ पर्यंतची मागणी, तारखांसकट, मामांच्या आणि पुढे माझ्या अक्षरात. सातपूरच्या लोकांना त्या वीस वर्षांत काय ऐकावंसं वाटलं, याचा एवढा नेटका कागद दुसरा कुठे असेल असं वाटत नाही. मी तिचं एकेक पान टाईप करायला घेतलंय. १९९१ पर्यंत आलोय. अक्षर लागत नाही तिथे मामांना विचारतो. नाव मोठ्याने दोनदा सांगावं लागतं, मग ते डोळे मिटतात आणि गाण्याआधी गिऱ्हाईक कोण होतं ते सांगतात.

कॉलनीतल्या जुन्या मंडळींपैकी कुणी वाचत असेल, तर आपल्या घरात पहिली विकत घेतलेली कॅसेट कुठली होती ते जरूर कळवा. वहीत सापडते का बघतो.